हिमनदीच्या पोटातली गुहा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात आइसलँडच्या हिवाळी सहलीवर लेख होता. त्यात व्हाट्नायोकुल हिमनदीतल्या निळ्या बर्फगुहेचा उल्लेख जेमतेम एका परिच्छेदात आला, आणि पत्रं मात्र सगळी त्या गुहेवरच आली. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्ही ग्रुप टूरबरोबर स्वित्झर्लंडला युंगफ्राउयोखचा बर्फाचा महाल पाहिला. आइसलँडची गुहा म्हणजे तेच ना? मग पुन्हा एवढे पैसे कशाला घालवायचे? (डोंबिवलीहून एक दांपत्य)

तेच नाही. युंगफ्राउयोखचा महाल (उंची 3,454 मीटर) 1934 मध्ये दोघा पर्वतीय गाइडांनी कुदळी-करवतींनी कोरला. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या अंगाच्या उबेने तो वितळतो, म्हणून आत थंड हवा सोडावी लागते. खाली सपाट वाट, धरायला कठडा, आणि वर्षाचे बारा महिने प्रवेश. स्वित्झर्लंडमधल्याच टिट्लिस शिखरावरची बर्फाची गुहाही माणसांनीच कोरलेली आहे.

आइसलँडची निळी गुहा पाण्याने कोरलेली असते. उन्हाळ्यात हिमनदीच्या पाठीवर वितळलेलं पाणी ओहोळ करून वाहतं, एखाद्या भेगेतून किंवा उभ्या विहिरीसारख्या भोकातून खाली शिरतं आणि बर्फाच्या पोटातून बोगदा कोरत हिमनदीच्या तोंडाशी बाहेर पडतं. थंडी पडली की पाणी आटतं आणि तो बोगदा रिकामा राहतो. आपण चालतो ती मोकळी पडलेली नाली. पुढच्या उन्हाळ्यात तिच्यातून पुन्हा पाणी धावतं आणि ती मोठी होते, वाकडी होते किंवा बसते. दर शरद ऋतूत गाइड नव्याने गुहा शोधायला निघतात ते याच कारणाने. जाहिरातीत दिसणारी गुहा तीन वर्षांपूर्वीची असू शकते, आणि ती आज अस्तित्वात नसण्याची शक्यताच जास्त. ‘फोटोतली गुहा दाखवली नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांना हे आधी कोणी सांगितलेलं नसतं.

कोरीव प्रकारच हवा असेल, तर तोही आइसलँडमध्ये आहे. लांगयोकुल हिमनदीच्या माथ्याजवळ सुमारे 500 मीटरचा बोगदा खणून 2015 मध्ये लोकांसाठी खुला केला. तिथे मोठ्या चाकांच्या ट्रकमधून नेतात आणि उन्हाळ्यातही जाता येतं. रेक्याविक शहरातल्या पेर्लान संग्रहालयातही सुमारे 100 मीटरची कृत्रिम बर्फगुहा आहे. गुडघे दुखणाऱ्यांना आणि लहान मुलांना ती सोयीची.

ऑस्ट्रियातल्या व्हेर्फेनची ‘आइसरीझनव्हेल्ट’ हे आणखी वेगळं प्रकरण. ती चुनखडीची गुहा आहे, फक्त तिच्या तोंडाकडच्या भागात बर्फ साचतो. ती मे ते ऑक्टोबर खुली असते, आत शेकडो पायऱ्या चढाव्या-उतराव्या लागतात आणि फोटो काढायला मनाई आहे.

प्रश्न : मुलांना सुट्टी मे महिन्यातच असते. मेअखेर किंवा जूनमध्ये निळी गुहा बघता येईल का? (नाशिक, पुणे आणि सांगलीहून)

व्हाट्नायोकुलच्या निळ्या गुहेचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. मे-जूनमध्ये त्याच नालीतून पाणी वाहत असतं, छत दिवसेंदिवस पातळ होत असतं, आणि तोंडाशी लटकलेले बर्फाचे ओंडके कधी सुटतील याचा नेम नसतो.

मधली काही वर्षं उन्हाळ्यातही अशा सहली निघत. 25 ऑगस्ट 2024 रोजी ब्रेइदामेर्कुरयोकुल या व्हाट्नायोकुलच्या फाट्यावर 23 जणांच्या गटावर बर्फाची भिंत कोसळली. एक अमेरिकन पर्यटक जागीच गेला, त्याच्यासोबतची स्त्री गंभीर जखमी झाली. यंत्रं तिथवर पोचू शकत नसल्याने बचावपथकांना बर्फ हातांनी, करवती-कुदळींनी फोडावा लागला. आणखी दोघं आत अडकली आहेत असं समजून दुसऱ्या दिवसापर्यंत खोदकाम चाललं, आणि शेवटी कळलं की गटातल्या माणसांचा आकडाच चुकीचा कळवला गेला होता. आत कोणीच नव्हतं. त्यानंतर व्हाट्नायोकुल राष्ट्रीय उद्यानातल्या अशा सहली थांबवण्यात आल्या आणि नियमांची फेरतपासणी झाली.

सुट्टी उन्हाळ्यातच असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला, स्काफ्टाफेलहून हिमनदीच्या पाठीवर गाइडबरोबर चालायचं. बुटांना क्रॅम्पॉन (तळाशी बांधायचे धातूचे दात), वाटेत भेगा, निळ्या पाण्याच्या विहिरी असं सगळं अनुभवता येतं आणि डोक्यावर मोकळं आकाश असतं. आमच्या मते मे-जूनसाठी हाच कार्यक्रम चांगला, गुहेचा हट्ट नको. दुसरा मार्ग व्हीक गावाहून जीपने काट्लाच्या बर्फगुहेचा. ही माइर्दाल्सयोकुल हिमनदीच्या एका फाट्यात असते आणि तिथे वर्षभर सहली निघतात. पण तिथला बर्फ निळ्यापेक्षा काळा जास्त. काट्ला ज्वालामुखीचा मोठा उद्रेक 1918 मध्ये झाला, आणि बर्फात ज्वालामुखीच्या राखेचे थर पट्ट्यापट्ट्यांनी दिसतात. तो पट्टेरी बर्फ आपल्या जागी देखणाच आहे. मात्र उन्हाळ्यात वितळणारा बर्फ म्हणजे धोका, हे गणित तिथेही बदलत नाही. त्या आठवड्यात गुहेची तपासणी कशी होते, हे विचारूनच पैसे भरा.

प्रश्न : मी लंडनला नोकरी करते. डिसेंबरात चार दिवसांची सवड आहे. आम्ही तिघी मैत्रिणी गाडी भाड्याने घेऊन रेक्याविकहून सकाळी निघून गुहा बघून रात्री परत यायचं म्हणतोय. जमेल?

नका करू. गुहेच्या बहुतेक सहली योकुलसारलोन या हिमसरोवराच्या वाहनतळावरून निघतात. ते रेक्याविकपासून सुमारे 375 किलोमीटर, कोरड्या रस्त्यावर न थांबता पाच तास. डिसेंबरअखेर तिथे सूर्य 11 च्या सुमारास उगवतो आणि साडेतीनच्या आसपास मावळतो. म्हणजे जाताना अंधार आणि येतानाही अंधार. रस्त्यावर काळपट पारदर्शक बर्फाचा थर असतो, आणि तो हेडलाइटच्या उजेडात फक्त ओला डांबरी रस्ता दिसतो.

चार दिवसांत असं बसवा : पहिल्या दिवशी उतरून व्हीकपर्यंत (सुमारे 187 किलोमीटर) किंवा पुढे किर्क्यूबायारक्लौस्तुरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी सरोवरापर्यंत जाऊन जवळपास किंवा 80 किलोमीटर पुढे हॉफ्नला राहा. गुहेची सहल तिसऱ्या दिवशी सकाळची घ्या आणि त्याच दुपारी परतीच्या वाटेला लागा. सहल वादळाने रद्द झाली तर पैसे परत मिळतात, पण तुमचा दिवस परत मिळत नाही. म्हणून सुटीत एक मोकळा दिवस जमला तर ठेवाच. डिसेंबरऐवजी फेब्रुवारीचा मध्य निवडता आला तर उजेड साधारण साडेआठ तास मिळतो आणि गुहाही बऱ्यापैकी पक्क्या झालेल्या असतात.

वाऱ्याबद्दल एक गोष्ट आपल्याकडचे लोक हमखास चुकतात. आइसलँडच्या हवामान खात्याचा अंदाज वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये देतो. ‘20’ हा आकडा बघून आपण निवांत होतो. तो ताशी 72 किलोमीटर असतो. इतक्या वाऱ्यात गाडीचं दार उघडताना हातातून सुटतं आणि पुढच्या बाजूला उलटं वाकतं, आणि भाड्याच्या गाडीच्या साध्या विम्यात हे नुकसान बहुधा धरलेलं नसतं. गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची, एका वेळी एकच दार, तेही दोन्ही हातांनी. गाडी चारही चाकं चालणारी आणि खिळ्यांच्या टायरची घ्या. निघण्यापूर्वी सेफट्रॅव्हल हे आइसलँडमधल्या प्रवाशांच्या सुरक्षेसाठीचं संकेतस्थळ आणि रस्ते खात्याचा नकाशा बघा. हवामानाचे इशारे पिवळा, नारिंगी, लाल अशा चढत्या क्रमाने येतात. नारिंगी लागला की हॉटेलातच बसा.

व्हिसाचं थोडक्यात : आइसलँड शेंगेन गटात (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपीय देश) आहे. भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनमध्ये राहण्याचा परवाना असूनही शेंगेन व्हिसा लागतोच. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो, किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा बंधनकारक, आणि अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत. त्या विम्यात हिमनदीवरचं चालणं धरलं आहे का, ते कागदावर वाचून घ्या. काही पॉलिसींमध्ये ‘साहसी प्रकार’ म्हणून ते वगळलेलं असतं.

प्रश्न : बुकिंग करताना नेमकं काय विचारायचं? सगळ्यांची जाहिरात सारखीच दिसते आणि किमतीत मात्र बराच फरक. (ठाण्याहून)

सरोवरापासून निघणाऱ्या साध्या सहलीला माणशी साधारण वीस ते तीस हजार क्रोना पडतात. आपले तेरा ते वीस हजार रुपये समजा. किमतीतला फरक मुख्यतः गटाच्या आकारामुळे आणि चालण्याच्या अंतरामुळे पडतो. अडीच-तीन तासांच्या सहलीत एका बाजूने जीपचा खडबडीत प्रवास अर्धा तास आणि चालणं वीस-तीस मिनिटं, आणि गुहेत अर्धा-पाऊण तास. पाच-सहा तासांच्या सहलीत हिमनदीवर बरंच चालणं, आणि त्यामुळे जिथे गर्दी पोचत नाही अशी गुहा.

विचारायच्या गोष्टी : एका गाइडमागे किती माणसं (पंधरापेक्षा जास्त असतील तर दुसरीकडे बघा), गाइडने हिमनदीवरचं कोणतं प्रशिक्षण घेतलं आहे (आइसलँडच्या पर्वतीय गाइडांच्या संघटनेचे टप्प्याटप्प्याचे अभ्यासक्रम आहेत, त्यातला कुठला टप्पा पूर्ण केला ते विचारा), कंपनीकडे राष्ट्रीय उद्यानाशी केलेला करार आहे का, क्रॅम्पॉन आणि हेल्मेट किमतीत धरले आहेत का, बूट भाड्याने मिळतात का. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न : त्या दिवशी गुहा धोकादायक वाटली तर काय करता? ‘दुसरी गुहा किंवा हिमनदीवरची फेरी देतो, नको असेल तर पैसे परत’ हे बरोबर उत्तर. ‘आमची सहल कधीच रद्द होत नाही’ असं कोणी अभिमानाने सांगितलं, तर तिथे बुकिंग करू नका.

प्रश्न : सह्याद्रीत अलंग-मदन-कुलंग, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केली आहे. क्रॅम्पॉन कधी लावलेले नाहीत. माझे ट्रेकिंगचे बूट चालतील का, आणि क्रॅम्पॉन लावायचे कसे? (पुण्याहून एक ट्रेकर)

सह्याद्रीत आपण घालतो ते बूट कातळावर पकडतात, कारण त्यांचा तळ मऊ असतो. इथे नेमकं उलटं लागतं. बुटाची टाच एका हाताने आणि चवडा दुसऱ्या हाताने धरून पिळा. बूट सहज पिळला गेला तर त्यावर क्रॅम्पॉन टिकत नाही, चालताना टाच निसटते. घोटा झाकणारा, कडक तळाचा बूट हवा. नसेल तर तिथे भाड्याने घ्या. आपल्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठा घ्या, कारण आत लोकरी मोजा येतो.

सोप्या गुहेसाठी काही ठिकाणी रबरी पट्ट्याचे छोटे काटे देतात. बुटावर ओढून बसवले की झालं. खरे क्रॅम्पॉन दहा किंवा बारा दातांचे. लावायची रीत अशी :

सपाट, घट्ट जागेवर दोन्ही क्रॅम्पॉन पट्टे मोकळे करून ठेवा. डावा-उजवा ओळखायचा तो चौकटीच्या वळणावरून, आणि पट्ट्याचं बक्कल नेहमी पायाच्या बाहेरच्या अंगाला. ते आत आलं तर दुसऱ्या पायाचे दात त्यात अडकतात. आधी चवडा पुढच्या चौकटीत सारा, मग टाच खाली दाबा. लांबी बरोबर असेल तर पट्टा न बांधता पाय उचलला तरी क्रॅम्पॉन बुटाला चिकटून राहतो. लटकला किंवा पडला, तर मधली पट्टी एक भोक कमी करा. मग पट्टा पुढच्या कडीतून ओवून मागे आणा, बक्कलात घालून ओढा आणि उरलेलं टोक आत खोचा. हे लोंबणारं टोक पायाखाली येऊन माणूस तोंडावर पडतो. दहा मिनिटं चालल्यावर थांबून पट्टे पुन्हा आवळायचे, कारण तोवर बूट आत बसतो आणि पट्टा ढिला होतो.

चालताना पाय नेहमीपेक्षा थोडे फाकवून ठेवा आणि उचलून टाका, फरपटवू नका. पाऊल सपाट, सगळे दात एकदम बर्फात. कातळावर आपण बुटाची कड रोवतो, ती सवय इथे सोडायची. कड रोवली की अर्धे दात हवेत राहतात आणि घोटा मुरगळतो. उतारावर गुडघे वाकवून, अंग किंचित पुढे. मागे रेललात की पाय निसटलाच. ओला बर्फ दातांमध्ये गोळा होऊन बसला तर बूट दुसऱ्या बुटावर हलकेच आपटून पाडा. पडलात तर पाय वर ठेवा, दात बर्फात अडकले तर गुडघा पिळतो.

सुरुवातीला पाय फाटण्यापेक्षा पँट फाटते. ढगळ पायजम्याच्या खालच्या कडेत दात घुसतो. नडगीवर गेटर (पँटवरून बांधायचं जाड कापडी आवरण) बांधा, नाहीतर पँटचा पायचा मोज्यात खोचा. हातात देतात ती बर्फाची कुऱ्हाड सोप्या सहलीत बहुतांशी फोटोपुरतीच असते, हेही सांगून ठेवतो.

प्रश्न : आई 66 वर्षांची आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, रोज पाऊण तास चालते. मुलगा सात वर्षांचा. दोघांना नेता येईल का? कपडे काय? (बोरिवलीहून)

मुलासाठी थांबावं लागेल. कंपनीगणिक अट वेगळी, पण बहुतेक ठिकाणी किमान वय आठ किंवा दहा. त्याचं कारण बुटाचं माप. युरोपीय मापाने 35 नंबरच्या खालच्या बुटावर क्रॅम्पॉन घट्ट बसत नाही. मुलाला पेर्लान किंवा लांगयोकुलचा बोगदा दाखवा, तो खूश होईल.

आईंना वयाची अडचण नाही. रोज पाऊण तास चालणारी व्यक्ती छोट्या सहलीला सहज जाते. डॉक्टरांना विचारा, आणि खरा प्रश्न गुडघ्यांचा आहे हे लक्षात ठेवा : गुहेच्या तोंडाशी बर्फात कोरलेल्या उंच-सखल पायऱ्या असतात, आणि आत कधी दोरी धरून तिरपं उतरावं लागतं. समुद्रसपाटीजवळच असल्याने उंचीवरचा विरळ हवेचा त्रास इथे नाही. तो युंगफ्राउयोखला जास्त. साडीचा हट्ट मात्र सोडावा लागेल, क्रॅम्पॉनच्या दातांत काठ अडकणारच. हिमनदीवर स्वच्छतागृह नसतं. सरोवराच्या वाहनतळावर असतं ते वापरून निघा, आणि गोळ्यांमुळे लघवीला जास्त जावं लागत असेल तर वेळ कधीची घ्यायची ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

गुहेच्या आत तापमान शून्याच्या आसपासच असतं, वारा नसतो. बाहेर वारा झोडपतो. म्हणून तीन थर : अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर्मल, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर पाणी आणि वारा अडवणारं जाकीट. खालीही तसंच, वरून पाण्याने न भिजणारी पँट. सुती बनियन आणि जीन्स घालू नका. घामाने किंवा छतावरून गळणाऱ्या पाण्याने सूत भिजलं की वाळत नाही आणि अंगाची ऊब ओढून घेतं. हातमोज्यांचे दोन जोड न्या. बर्फाच्या कडा काचेसारख्या असतात, हात टेकला की कापतो, त्यामुळे मोज्याशिवाय आत सोडत नाहीत. घरची जाड माकडटोपी हेल्मेटखाली मावत नाही, पातळ लोकरी टोपी किंवा गळ्यापासून कानापर्यंत ओढायचा बफ बरा. खिशात राजगिऱ्याचे लाडू ठेवा. चिक्की तिथल्या थंडीत दातांची परीक्षा बघते.

प्रश्न : छत कोसळणार नाही हे गाइडला कसं कळतं? (नागपूर, रत्नागिरी)

खात्रीने कधीच कळत नाही. धोका कमी करता येतो, शून्यावर आणता येत नाही. चांगला गाइड हे सहलीच्या सुरुवातीलाच सांगतो.

सकाळी पर्यटक येण्याआधी कोणीतरी गुहेत जाऊन आलेलं असतं. तो रात्रीत पडलेले बर्फाचे ताजे तुकडे बघतो. ताज्या तुकड्याच्या कडा धारदार आणि स्वच्छ, जुन्याच्या गोलसर व धुळकट. छतात नवी भेग आली का, जुनी रुंदावली का, हे आदल्या दिवशीच्या फोटोशी ताडून पाहतो. पाण्याचा आवाज वाढला आहे का, पाणी गढूळ झालं आहे का, हे ऐकतो-बघतो. मग वर, हिमनदीच्या पाठीवर जाऊन छताची जाडी आणि तिथे पाणी साचलं आहे का ते तपासतो. लटकलेले सैल तुकडे लांब काठीने किंवा कुऱ्हाडीने आधीच पाडून टाकतो.

तापमानापेक्षा पाऊस जास्त वाईट. दक्षिण आइसलँडमध्ये जानेवारीतही एखाद्या दिवशी तापमान 7-8 अंशांवर जाऊन मुसळधार पाऊस येतो. ते पाणी थेट बर्फाच्या भेगांत शिरतं आणि काही तासांत गुहेचा तळ पाण्याने भरू शकतो. बाहेर ऊन-बीन काही नसताना सहल रद्द झाली म्हणून पर्यटक चिडतात, तेव्हा कारण बहुधा आदल्या रात्रीचा पाऊस असतो.

आणि ज्या जागेला सगळे फोटोसाठी गर्दी करतात, ती बारकाईने बघण्यासारखी आहे. छताचा जो भाग सर्वांत उजळ, फिकट निळा चमकतो, तिथे वरून उजेड येतोय, म्हणजे तिथला बर्फ पातळ आहे. गर्द निळा, जवळजवळ काळा दिसणारा भाग जाड. तसंच गुहेचं तोंड. बाहेरची ऊब सर्वांत आधी तिथे लागते, वितळून-गोठून तिथला बर्फ ठिसूळ होतो. तोंडाखाली उभं राहून गटाचा फोटो काढू नका. आत जाताना आणि बाहेर येताना तो टापू न थांबता पार करा.

ज्वालामुखीच्या उष्णतेने वितळून तयार झालेल्या गुहा वेगळ्या. तिथे हायड्रोजन सल्फाइड किंवा कार्बन डायऑक्साइड साचतो. पहिल्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. दुसऱ्याला वास नाहीच, आणि तो जड असल्याने खोलगट जागेत साठतो. अशा गुहेत गॅसमापक हाती असलेल्या गाइडशिवाय पाऊल टाकू नये.

आपल्याकडून काय हवं? निघताना आणि गुहेतून बाहेर पडताना गाइड माणसं मोजतो, तेव्हा गप्पा थांबवून उभं राहा. 2024 च्या अपघातात चुकीच्या आकड्यामुळे काय झालं ते वर आलंच आहे. हेल्मेट फोटोसाठी काढू नका. कर्रकन आवाज आला आणि गाइडने ‘बाहेर’ म्हटलं, तर पिशवी सोडून निघा, कारण विचारायचं ते उजेडात आल्यावर. आणीबाणीचा क्रमांक 112. मदतीला येतात ते बहुतांशी स्वयंसेवक असतात.

प्रश्न : माझ्या मोबाइलवर काढलेले बर्फाचे फोटो राखाडी आणि काळवंडलेले येतात. जाहिरातीसारखा निळा कसा येईल? (कोल्हापूरहून)

रंग खरा आहे. वर्षानुवर्षांच्या दाबाने बर्फातले हवेचे बुडबुडे पिळून निघतात, आणि दाट बर्फ प्रकाशातला लाल भाग शोषतो, निळा पुढे जाऊ देतो. कॅमेरा मात्र ‘सगळंच निळं म्हणजे चूक’ असं समजून तो रंग धुऊन टाकतो. म्हणून व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगछटेची सेटिंग) ऑटोवरून काढून दिवसाच्या उजेडावर, 5,200 ते 5,500 केल्विनवर, स्थिर करा. गुहेचं तोंड चौकटीत असेल तर बाहेरच्या लख्ख उजेडाने आत काळोख येतो. बोट मधल्या निळ्या भागावर टेकवून उजेड थोडा वाढवा. तोंड पूर्ण वगळलेली चौकट सहसा जास्त चांगली निघते. फ्लॅश बंद, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) चालू.

कॅमेरा असेल तर 14 ते 24 मिलिमीटरची लेन्स, एफ/8, आयएसओ 800 ते 1,600, हातात धरून साधारण 1/30 सेकंद. तिपाई गटाच्या सहलीत बहुधा उघडू देत नाहीत, वाट अडते. त्यासाठी फोटोग्राफीची वेगळी सहल असते, महाग पण निवांत. चौकटीत लाल किंवा केशरी जाकिटातलं एक माणूस दूरवर उभं करा, त्याशिवाय गुहेच्या आकाराचा अंदाज येत नाही. बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते, तेव्हा जादाची बॅटरी आतल्या खिशात अंगालगत ठेवा. उबदार जीपमध्ये शिरण्याआधी कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत बंद करा आणि अर्ध्या तासाने उघडा. नाहीतर लेन्सवर दव धरतं आणि पुसून-पुसून कंटाळा येतो.

प्रश्न : एवढ्या लांब कशाला? गंगोत्री हिमनदीच्या गोमुखालाही गुहाच आहे. तिच्यात जाता येतं का? (सोलापूरहून, पत्राखाली तीन जणांच्या सह्या)

नाही, आणि जवळही जाऊ नका. गोमुख म्हणजे गंगोत्री हिमनदीचं तोंड. गंगोत्रीहून सुमारे 18 किलोमीटर चालत, साधारण 4,000 मीटर उंचीवर. त्या तोंडातून भागीरथी बाहेर पडते. यात्रेचा हंगाम मे ते ऑक्टोबर, म्हणजे नेमका बर्फ वितळण्याचा काळ. आइसलँडमध्ये आपण आटलेल्या नालीत शिरतो, गोमुखाला भरून वाहणाऱ्या नालीसमोर उभे असतो. भिंतीतून बर्फाचे आणि दगडांचे ढिगारे सुटत राहतात, तोंडाचा आकार वर्षागणिक बदलतो, आणि दुपारी ऊन वाढलं की पाणीही वाढतं. जलकुंभ भरायला किंवा स्नानाला भिंतीखाली जाण्याचा मोह होतो, तो टाळा. दर्शन लांबून, तेही सकाळच्या वेळी घ्या. गोमुखाला जायला परवाना लागतो आणि दिवसाला 150 जणांनाच मिळतो, तेव्हा आधी नोंदणी करा.

थोडक्यात उत्तरं

बंद जागेची भीती वाटते (अकोला) : बुकिंग करतानाच सांगा. काही गुहा सभागृहासारख्या प्रशस्त असतात, काहींत रांगावं लागतं. तोंडातून उजेड दिसत राहील अशी छोटी गुहा मागून घ्या.

ड्रोन न्यावा का (पुणे) : व्हाट्नायोकुल राष्ट्रीय उद्यानात बऱ्याच भागांत परवान्याशिवाय ड्रोन उडवता येत नाही. गुहेत तर नाहीच.

चष्मा धुरकट होतो (सातारा) : तोंडावर ओढलेल्या बफमधून श्वास वर जातो म्हणून. बफ हनुवटीखाली घ्या.

गाइडला टिप द्यायची का (मुलुंड) : आइसलँडमध्ये टिपेची पद्धत नाही, कोणी अपेक्षाही धरत नाही. मनापासून द्यावीशी वाटली तर द्या, नाकारत नाहीत.